बिनगाडीचा गार्ड

जुन्नरात रेल्वे नाही. त्यामुळे रेल्वेची जाणकार माणसं जुन्नरात जितकी सापडतील, तितकी पुणे स्टेशनातही सापडायची नाहीत. इंजिन किती पाणी पितं, बोगद्यात डोकं बाहेर काढलं तर काय होतं, ड्रायव्हर मोठा की गार्ड मोठा, यावर बाजारातल्या हॉटेलात दोन-दोन तास वाद चालायचा आणि वाद घालणाऱ्यांत गाडीत बसलेला एखादाच असायचा. शेवटच्या प्रश्नाचा निकाल मात्र कधीच लागला होता. गार्ड मोठा. ड्रायव्हर नुसती गाडी हाकतो; गार्डानं हिरवं निशाण दाखवल्याशिवाय ती जागची हलत नाही. हाकणारे काय, बैलगाडीलाही असतात.

म्हणून पंचावन्न साली नवाबभाई बागवानांच्या नावानं पुण्याहून कार्ड आलं आणि पोस्टमन सोपाननं ते उंबऱ्यातच खड्या आवाजात वाचलं, तेव्हा अर्धी आळी रस्त्यावर आली. ‘अब्बांस तय्यबचा सलाम. माझी रेल्वेत गार्डाची जागा पक्की झाली. तब्येत ठीक. अम्मीस सलाम.’

या कार्डात एक शब्द खोटा नव्हता. एक शब्द कमी होता, एवढंच.

तो शब्द म्हणजे बास्केटबॉल. तो तय्यबनं अनुभवानं गाळला होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं हौसेनं लिहिलं होतं, ‘रेल्वेने मला बास्केटबॉलसाठी घेतले.’ त्याची आई बिबिजान हिनं सोपानला अर्थ विचारला. सोपानचं इंग्रजी तिसरीपर्यंतचं. तो म्हणाला, “बास्केट म्हंजे टोपली. फुडचा शब्द शाईत गेलाय.” त्यावरून आळीनं ठरवलं की नवाबचा पोरगा स्टेशनावर टोपल्या उचलतो. बिबिजान वर्षभर कुणाच्या लग्नाला गेली नाही. “बागवानाच्या पोरानं टोपल्याच उचलायच्या, तर घरच्या काय वाईट व्हत्या?” असं ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, म्हणजे नवाबभाईंना नीट ऐकू जायचं.

खरी गोष्ट अशी होती, की बागवानाच्या पोराला रेल्वेनं घेतलं ते टोपल्यांमुळे नाही, कलिंगडांमुळे. कुकडीच्या वाळूतली कलिंगडं नवाबभाई दर उन्हाळ्यात ट्रक भरून पुण्याला न्यायचे. माल उतरवायला माणसांची रांग लागते. वरच्यानं फेकायचं, खालच्यानं झेलून पुढं द्यायचं. हातात फळ ठेवून विचार करत बसलं की वरून दुसरं येतं. तय्यब दहा वर्षांचा असल्यापासून त्या रांगेत होता. कुणाकडे न बघता कुणाच्या हातात काय ठेवायचं, हे त्याला कळायचं. एका सकाळी रेल्वेच्या टीमचे कोचसाहेब कलिंगड घ्यायला आले आणि दोन हातगाड्यांपलीकडे उभे राहिले. तय्यबनं भाव सांगता सांगता दुसरीकडे बघत कलिंगड फेकलं. ते साहेबांच्या हातात अंड्यासारखं येऊन बसलं. साहेबांनी ते परत फेकलं. तय्यबनं पुन्हा दिलं. असं सहा वेळा झालं. सातव्यांदा साहेबांनी नाव विचारलं.

पुढचं सोपं नव्हतं. या खेळात चेंडू जमिनीवर आपटत पळायचं असतं, आणि तय्यबचा हात चेंडू आपटायला तयारच होईना. फळ आपटलं की फुटतं, हे बोटांत इतकं मुरलेलं की चेंडू खाली गेला की त्याचा जीव वर यायचा. सहा महिने त्यातच गेले. सुरुवातीला तर तो चेंडू हातात घेतला की आधी कानाशी धरून टिचकी मारायचा. पण एकदा आपटणं जमलं आणि सगळं जमलं. पाच जणांच्या टीममध्ये मागं राहून चेंडू पुढं न्यायचा, कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि त्याच्या हातात नेऊन ठेवायचा, हे काम ज्याचं त्याला गार्ड म्हणतात. टोपलीत चेंडू टाकायचं काम तळेघरच्या जानकूचं. जानकू सव्वासहा फूट. तो म्हणायचा, “देवानं उंची दिली, पर नोकरी दिली ती तय्यबनं.” तय्यब स्वतः टाकायच्या फंदात पडायचा नाही. दोन वर्षांत त्यानं स्वतःहून टाकलेले चेंडू एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि आंगठा उरेल.

मैदानावर हा गुण होता. मैदानाबाहेर मात्र हीच खोड. हातात आलेली कोणतीही गोष्ट, मग ते उत्तर असो, निर्णय असो, तय्यब दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा व्हायचा.

कार्डानंतर तो पहिल्यांदा जुन्नरला आला तेव्हा एसटीतून उतरताच त्याला तिघांनी सलाम केला. घरी बिबिजाननं हिरव्या आणि तांबड्या कापडाची दोन निशाणं शिवून ठेवली होती. “सरकारी निशाणाचा काय भरवसा? धुण्यात गेलं की पांढरं. ही पक्क्या रंगाची हाईत.”

तय्यब तडक परसात बापाकडे गेला. “अब्बा, मी गाडीचा गार्ड न्हाई. खेळातला हाय. तुमी अम्मीला सांगा.”

नवाबभाईंनी बिडी विझवली. “मी? तुझ्या अम्मीला?”

“तुमीच सांगायला पायजे.”

“बेटा, मला दोन येळचं तिच्याच हातचं खायचंय. तू पुण्याला जाशील, खानावळीत जेवशील. तुझं काय जातंय? तूच सांग.”

बापलेकांनी ही गोष्ट एकमेकांकडे चार-पाच वेळा दिली-घेतली, आणि शेवटी ती दोघांच्या मधेच पडली. तय्यब निशाणं पिशवीत घालून पुण्याला गेला.

तिथंच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण गार्डाच्या घराला सोयरिकी येतात. घोडेगावच्या महंमद हनीफ मण्यारांची मुलगी सितारा, तिच्यासाठी मागणीचा निरोप आला. हा निरोप तय्यबनं दोनदा सांगायला लावला, कारण सितारा त्याला ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी घोडेगावच्या बाजारात तिनं एक कलिंगड उचललं होतं. यानं टिचकी मारून छातीठोक सांगितलं होतं, “लालभडक निघंल.” ती म्हणाली, “कापा.” कापलं तर दुधी भोपळ्यासारखं पांढरं. ती हसली नाही, रागावलीही नाही. “तुमचा कान तेवढा तपासून घ्या,” म्हणाली आणि दुसरं न घेता गेली. तेव्हापासून तय्यबच्या डोक्यात दुसरी मुलगी आलीच नव्हती.

हनीफभाईंनी होकार दिला तो ‘गार्ड’ या एका शब्दावर. तीन पिढ्या बांगड्यांचं ओझं पाठीवर घेऊन भीमाशंकरपर्यंतच्या वाड्यावस्त्या तुडवलेलं घर. जावई बसल्या जागी प्रवास करणारा मिळतोय म्हटल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. मंगनी झाली. आता तय्यबनं खरं सांगितलं तर सितारा जाणार, आणि न सांगितलं तर लग्नानंतर कधीतरी सांगावंच लागणार, तेही सिताराला. या दोन विचारांच्या मधे तो वर्षभर उभा होता.

या वर्षात त्याची कीर्ती दोन तालुक्यांत पसरली. महाळुंगे पडवळच्या लोकांनी निरोप धाडला की लाइन येईल तेव्हा गाडी आमच्या गावाला थांबली पाहिजे. खोडदच्या एकानं सांगितलं, लाइन माझ्या शेतातून गेली तर चालेल, पण भावाच्या शेतातून गेली तर जास्त चालेल. कुणी काही म्हटलं की तय्यब म्हणायचा, “वर सांगतो.” वर म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यानं वर बोट दाखवलं असतं.

सगळ्यात पक्का होता मंचरचा कापडवाला कन्हैयालाल. त्याला स्टेशन हवं होतं, तेही आपल्या गोदामाच्या मागच्या दाराला लागून. त्यानं तय्यबच्या नावाचा हवाला देऊन रेल्वेला परभारे पत्र लिहिलं: ‘आपल्या रेल्वेचा एखादा कार्यक्रम मंचरला व्हावा. सर्व व्यवस्था आम्ही ठेवू.’ पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत खेळाच्या टेबलावर पोचलं. उत्तर आलं: ‘प्रदर्शनीय सामन्यासाठी आमचा बास्केटबॉल संघ पाठवीत आहोत. दहा फूट उंचीवर दोन कड्यांची सोय करावी.’ कन्हैयालालनं ते दोनदा वाचलं. कडी का हवीत ते त्याला कळेना, पण सरकारला काय हवं असतं ते कुणाला कळतं? त्यानं लोहाराकडून कडी करवली, दुकानाच्या फळ्या काढून खांबांवर ठोकल्या आणि भिका दवंडीवाल्याला बोलावलं.

भिकाला सांगितलं होतं: ‘पुण्याच्या रेल्वेचा बास्केटबॉल संघ येणार आहे.’ भिकानं ते तोंडात घोळवून बघितलं. मधले दोन शब्द ओरडण्याजोगे नव्हते. ते त्यानं काढून टाकले.

“ऐका हो ऐका! येत्या बाजारच्या दिशी, शाळंच्या मैदानात, पुण्याची रेल्वे येनार हाय होऽऽ!”

पुण्यात तय्यबला हे कळलं तेव्हा त्यानं आधी पोट दुखतं म्हणून सांगितलं. कोचसाहेब म्हणाले, चालेल, पोट मंचरला दुखू दे. मग पाय मुरगळला म्हणून सांगितलं. साहेबांनी दोन्ही पाय तपासले आणि कुठला ते विचारलं. तय्यबनं आधी डावा पुढं केला, मग उजवा.

टीम ट्रकमधून मंचरला पोचली तेव्हा मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. महाळुंग्याचे लोक हार आणि नारळ घेऊन आले होते. इंजिनाला नारळ फोडायचा होता. तळेघराकडचे सोमाजीबाबा पहाटेपासून चालून आले होते. ते मैदानभर फिरून म्हणाले, “रूळ कुठं दिसंना ते?”

शेजारच्यानं चुन्याच्या पांढऱ्या रेघा दाखवल्या. “ह्ये काय, आखल्यात की. उद्या लोखंड टाकत्याल.”

“मग गाडी आज कशी यील?”

“बाबा, तुमी लई इचारता.”

पुढच्या खुर्च्यांवर हनीफभाई बसले होते. नवी शेरवानी, अंगाला अत्तर. दोन्ही बाजूंना घोडेगावचे चार मानकरी पाहुणे, जावई दाखवायला आणलेले. त्यांच्या पलीकडे नवाबभाई, मान खाली घालून. बायका बाजाराच्या बाजूला होत्या. हनीफभाईंचं दुकान तिथं लिंबाखाली मांडलेलं, आणि सितारा आपल्या आईबरोबर, सायराबानूबरोबर, बांगड्या भरत होती. बिबिजान तिकडेच गेलेली.

आधी पांढरी पाटलोण, पांढरा शर्ट आणि गळ्यात शिट्टी असलेला एक माणूस मैदानात आला. तो पंच होता. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

“गार्ड!” सोमाजीबाबा ओरडले. “शिट्टी बगा!”

“ह्ये तुमचं जावई का हनीफभाई?” एका पाहुण्यानं विचारलं. “वय जरा जास्त वाटतंय.”

“हा न्हवं,” हनीफभाई म्हणाले. “ह्येचा साहेब असंल आपला.”

मग ट्रकमागून दहा जण पळत आले. चड्डीत. बिनबाह्यांच्या बंडीत. मागून एका म्हातारीचा आवाज आला, “अगं बाई, ह्यांची कापडं कुणी न्हेली?”

पाच रेल्वेचे आणि पाच पुण्याच्या एका कॉलेजचे. रेल्वेच्या पाचांत सगळ्यात बुटका, मांड्यांपर्यंत उघडा, तो आपला जावई आहे हे हनीफभाईंच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. पाहुण्यांच्या ध्यानात आधी आलं.

“हनीफभाई, गार्डाच्या पोशाखाला कापड कमी पडलं का?” एकानं विचारलं. “कन्हैयालाल एवढं बसलंत हितं, त्यास्नी सांगायचं.”

शिट्टी वाजली. खेळ सुरू झाला. तय्यब चेंडू आपटत पुढं निघाला आणि त्याची नजर पहिल्या रांगेवर गेली. हनीफभाई खुर्चीच्या कडेवर आले होते. तय्यबचा पाय पांढऱ्या रेघेबाहेर पडला. शिट्टी. तो एकाला धडकला. शिट्टी. चेंडू हातात धरून दोन पावलं चालला. शिट्टी.

“आवो,” दुसरा पाहुणा हळूच म्हणाला, “ज्याच्याकडं शिट्टी तो गार्ड. ह्येच्यावर तर शिट्टी वाजतीया.”

तरी दहा मिनिटांत त्याचे हात ठिकाणावर आले. तो बघायचा डावीकडे आणि चेंडू जायचा उजवीकडे, जानकूच्या हातात. जानकू नुसती उडी घेऊन टोपलीत टाकायचा. लोकांना खेळ समजायला लागला. जानकूनं टाकला की तळेघरची माणसं पागोटी उडवायची. पण हनीफभाईंनी मनाशी वेगळाच हिशोब धरला होता. ते नवाबभाईंकडे वळले.

“नवाबभाई, तुमचं पोरगं सगळ्यास्नी देतंय. सवता एकदाबी टाकत न्हाई. येत न्हाई का त्येला?”

“त्याचं कामच देण्याचं हाय म्हणतात,” नवाबभाई पुटपुटले.

“आन् गाडी कवा चालवतो?”

नवाबभाईंनी आभाळाकडे बघितलं. तिथंही गाडी नव्हती.

हे बोलणं तय्यबच्या कानावर पडलं. त्याच्या हातात चेंडू होता. जानकू टोपलीखाली मोकळा उभा, हात वर. पण तय्यबला वाटलं, एकदा तरी. सासऱ्यादेखत एकदा. त्यानं लांबूनच चेंडू टोपलीकडे फेकला. चेंडू कन्हैयालालच्या फळीला लागला, उलटा आला आणि महाळुंग्याच्या मंडळींनी आणलेल्या नारळांच्या पाटीत पडला. त्यातला एक नारळ गडगडत हनीफभाईंच्या पायाशी येऊन थांबला. त्यानंतर तय्यबनं आणखी चार वेळा टाकून बघितलं. कोचसाहेबांनी त्याला बाहेर घेतलं. “कलिंगडवाले,” ते म्हणाले, “आज काय लागलंय तुला? द्यायचं सोडून घेत सुटलास.”

सामना कसाबसा जिंकला. जानकूच्या गळ्यात इंजिनाचा हार पडला. हनीफभाई उठून थेट तय्यबसमोर आले. पाहुणे चार पावलं मागे, ऐकू येईल इतके.

“तय्यबमियां, तू गार्ड हाईस का न्हाईस?”

“हाय,” तय्यब म्हणाला.

“गाडीचा?”

तय्यबनं बापाकडे पाहिलं. नवाबभाईंनी नारळाकडे पाहिलं. जानकू मधे पडला, “चाचा, मी आठरा टाकले, त्यातले चौदा ह्यानं दिलेले. ह्यो नसता तर—”

“तू गप, उंटा. मी ह्याला इचारतोय.” हनीफभाईंनी शेरवानीची गुंडी काढली. “मी पाव्हण्यांना च्या पाजतो. तवर तुझ्या अम्मीशी बोल. च्या संपला की मंगनीचं मी काय ते सांगतो.”

तय्यबनं चड्डीवरच पाटलोण चढवली आणि लिंबाकडे निघाला. तोवर बातमी बाजारात पोचली होती, आणि बिबिजान ती दुरुस्त करायला बसली होती. बांगड्या भरून घ्यायचं निमित्त. समोर सितारा. बिबिजानचा उजवा हात तिनं साबणाच्या पाण्यात भिजवून आपल्या मुठीत घेतला होता, आणि पहिलंच हिरवं काकण आंगठ्याच्या हाडावर अडलं होतं.

“चड्डी म्हंजे शिकाऊ गार्डाचा पोशाख, सायरा,” बिबिजान सांगत होती. “पहिली दोन वर्सं चड्डी. मग पाटलोण. मग कोट. एकदम कोट दिला तर घमेंड चढती म्हून सरकारचा नेम हाय तसा.”

“आन् चेंडू?” सायराबानूनं विचारलं.

“चेंडू... चेंडू पळायच्या सरावाला. गाडी सुटली तर पळत गाठाया नको?”

“अम्मी, बास,” तय्यब म्हणाला.

“तू जा रे. हितं बायामान्सं हाईत.” बिबिजान उठायला गेली.

“खाला, हलू नका,” सितारा म्हणाली. “काकण सांध्यावर हाय. हात हलला तर काच आत जाईल.”

बिबिजान होती तशी बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पोराला ती मधे न उठता बोलायची संधी मिळत होती.

“मी गाडीचा गार्ड न्हाई,” तय्यब म्हणाला.

सितारानं मान वर केली नाही. “कुणाला सांगताय? काकणांना?”

“तुला.”

“मग इकडं बघून सांगा.”

त्यानं बघितलं. आणि ज्या माणसानं वर्षभर एक वाक्य पुरं केलं नव्हतं, तो बोलायला लागला. “खेळात पाच जण असतात. मागं राहून चेंडू पुढं नेतो, कुणाला द्यायचा ते ठरवतो, त्याला गार्ड म्हणतात. तो मी. नोकरी रेल्वेचीच. नाव पार्सल ऑफिसात. सकाळी पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, दुपारनंतर मैदान. गुडघे धड हाईत तवर खेळ. मग दिवसभर चिठ्ठ्या.”

“गुडघे किती वर्सं टिकतात?”

“सात-आठ.”

“या अल्ला,” बिबिजान म्हणाली, “गुडघ्यांचं कशाला सांगतोस!”

“खाला, आंगठा आत घ्या,” सितारा म्हणाली. तिनं काकण थोडं फिरवलं. “गाडीबरोबर जावं लागतं का?”

“कुठल्या गाडीबरोबर?”

“कुठल्याबी. मला सांगितलं व्हतं, गार्ड आठवड्यातनं दोन दीस घरी. तेबी झोपायला. मी अम्मीला वर्सभर म्हणतेय, असा नवरा काय करायचा? मी काय स्टेशन हाय, की आला न् गेला?”

सायराबानूनं दुसरीकडे बघितलं. तिनं हे हनीफभाईंना सांगायचं होतं, आणि तिनं ते नवाबभाईंसारखंच ठेवून दिलं होतं.

“न्हाई,” तय्यब म्हणाला. “मी सहाला घरी.”

“रोज?”

इथं ‘रोज’ म्हटलं असतं की काम झालं होतं. बिबिजान डोळ्यांनी तेच सांगत होती, पोपटासारखी मान हलवत.

“वर्सातनं चार-पाच वेळा टीम भाईर जाते,” तो म्हणाला. “दोन-दोन आठवडे. एकदा मद्रासला गेलो तर महिना लागला.”

“हे कुणी इचारलं व्हतं रे तुला?” बिबिजान कळवळली.

सितारा ओठांतल्या ओठांत काही मोजत होती. “म्हंजे वर्सातलं दोन-अडीच म्हैनं न्हाई. बाकी हाय.”

“बाकी हाय.”

“चड्डी घालून घरी यायचं न्हाई.”

“न्हाई.”

काकण सांध्यावरून सरकलं आणि मनगटावर जाऊन बसलं. एवढ्यात चहा संपवून हनीफभाई आले. पाहुणे आता चार पावलं मागेही राहिले नव्हते. अगदी दुकानाच्या कापडावर पाय.

“सितारा, ऊठ. हे लोक आपल्याला फसवत व्हते. गाडीच न्हाई ह्याच्याकडं.”

“मला कळलं, अब्बा.”

“कुणी सांगितलं?”

“त्यांनीच.”

हनीफभाईंनी तय्यबकडे पाहिलं. मैदानात न सापडलेलं उत्तर इथं आपल्या अपरोक्ष दिलं गेलं, याचा त्यांना जास्त राग आला की कमी, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. “हात दाव,” ते म्हणाले.

तय्यबनं हात पुढे केला. चाळीस वर्षं हनीफभाईंनी माणसं हातांवरूनच ओळखली होती. त्यांनी तळवा दाबला, आंगठा मागे वळवून पाहिला, बोटं एकेक मोकळी केली. “वरून खडबडीत. सांध्यात मऊ,” ते स्वतःशीच म्हणाले. “गुडघे गेल्यावर काय करशील?”

“चिठ्ठ्या चिकटवीन.”

“ह्या हातानं चिठ्ठ्या? ह्यो काकणं भरायचा हात हाय.” एवढं म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात सोडून दिला. “ते ऱ्हाऊ दे. घोडेगावात मी सगळ्या बाजाराला सांगून बसलोय. गार्ड, गार्ड. ह्या चौघांस्नी तर कल्याणपतुर फुकट न्ह्यायचं कबूल केलंय. आता लोकास्नी काय सांगू मी?”

चारही पाहुणे उत्तर ऐकायला पुढं वाकले.

“सांगा,” सितारा म्हणाली, “जावई संध्याकाळी सहाला घरी असतो. गाडीवाल्या गार्डांच्या सासऱ्यांना म्हणावं, तुमी असं सांगून दावा.”

एक पाहुणा हसला. त्याची लेक कल्याणला फौजेतल्या माणसाला दिलेली होती. त्याचं हसू लवकर संपलं. हनीफभाईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि मंचरला आल्यापासून पहिल्यांदाच त्यांची मान सरळ झाली. “सहाला,” ते त्या पाहुण्याला म्हणाले. “घड्याळ लावून.”

“आन् फुडं मागं,” बिबिजानला राहवेना, “रेल्वेच्या मोठ्या साहेबानं जर मनात आणलं, तर एखादी छोटीशी गाडीबी—”

“खाला,” सितारा म्हणाली, “दुसरा हात द्या.”